आधी पाहील त्याची गोष्ट

पावणे गावच्या कारखान्यात फोन आला तेव्हा श्यामसुंदर स्टोअरमध्ये नट-बोल्टांच्या पेट्या उतरवून घेत होता. पलीकडून आरोग्य उपकेंद्रातले डॉक्टर म्हणाले, "केळसकर, लगेच या. सिस्टर बांधावर पडल्या." तो पोचला तेव्हा त्याची बायको जयमाला बाकावर होती, अंगावर कुणाचं तरी लुगडं पांघरलेलं. हृदय बंद पडलं होतं. मिठागरातल्या बायकांनी तिला उचलून आणलं होतं. त्यांच्या ओल्या पावलांचं मीठ फरशीवर सुकत होतं.

जयमाला खाडीकाठच्या गावांत नर्स होती. लसी टोचायला, बाळंतिणी बघायला रोज बांधावरून चालत जायची. आदल्या संध्याकाळी वाशीच्या घरी भाजी निवडताना ती म्हणाली होती, "अहो, आज बांधावरून मी एक पाहिलं. जनावर म्हणावं तर जनावर नाही. एवढं मोठं, आणि..." तेवढ्यात सोसायटीची माणसं पाण्याच्या टाकीवरून भांडत दारात आली. ती गेल्यावर श्यामसुंदरने विचारलं, तर ती हसली. "ते असं घाईत नाही सांगायचं. रविवारी सांगते, निवांत."

तो रविवार सुतकात गेला.

त्यानंतर श्यामसुंदरला एकच ध्यास लागला. जयमालाने काय पाहिलं? तिने पाहिलं तर आणखी कुणीतरी पाहिलंच असेल. सुट्टी मिळाली की तो उघड्यावर काम करणाऱ्या, रानात हिंडणाऱ्या माणसांना गाठू लागला.

रबाळ्याला विजेच्या मनोऱ्यांवर चढणारा मारोती म्हणाला, "वरनं खाडी आरशागत दिसती बघा. एकदा त्या आरशाखालनं कायतरी गेलं. मनोरा आडवा केला तर जेवढा हुईल, तेवढं लांब. माझे हात सुटले. पट्टा नसता तर आज बोलत नसतो."

"मग?"

"मग काय, खाली आलो, भाकरी खाल्ली. आन् रडलो. बाप गेला तवा रडलो नव्हतो, पर तवा रडलो. का, ते इचारू नका."

पारसिकच्या डोंगरावर सुट्टीत चढायला येणारी ठाण्याची कॉलेजची मुलं होती. त्यांच्यातल्या मीनाने धुक्यात एका खडकाला टेकून डबा खाल्ला होता. धुकं सरलं, तर खडक नव्हता.

"तुझा डबा बघून पळाला असेल," एक मुलगा म्हणाला. सगळे हसले. मीना हसली नाही.

"ऊबदार होता, काका. पाठीमागे कुणीतरी श्वास घ्यावा तसा हलायचा. मला भीती नाही वाटली. उलट वाटलं, बसून राहावं."

पावण्याच्या तुळशीराम कोळ्याच्या तर जाळ्यातच ते आलं होतं. "मी जाला कापला आन् सोरला."

"नवं जाळं?"

"मंग काय त्याला सांगू, थांब बाबा, जुना घेऊन येतो?" तुळशीराम हसला. "येवरा मोठा, पन त्यानं जाला फारला नाय. मी कापीपरयंत थांबला. मानूस पन येवरा थांबत नाय."

कुणाचंच वर्णन कुणाशी जुळत नव्हतं. एकच गोष्ट सगळे सांगायचे, की जवळचं एकही पाखरू उडालं नाही.

निघताना तुळशीराम म्हणाला, "अरं, मना कशाला इचारतंस? तुजे शिस्टरबायनं बगितला त्या दिशी तिचेसंगं गंगू व्हती."

गंगू मिठागरात मीठ ओढायची. साठीची, काटक बाई. श्यामसुंदरचं ऐकून घेऊन ती म्हणाली, "बगितलाय मी. पन सांगनार नाय."

"का?"

"शिस्टरबायनं पयला बगितला. मना तिनंच दाखवला. पयला बगल त्याची गोष्ट. दुसऱ्यानं सांगायची नाय. आमचे आयशीपासून असाच हाय."

"ती गेली, गंगूबाई."

"म्हनून तर. जित्ती असती तर तिला इचारून सांगितला असता."

"मी नवरा आहे तिचा!"

"नवरा हायस. बगनारी ती व्हती."

तो खाली बसला. गंगूने फावडं बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "सकाली येत जा. उधानाची भरती असल तवा. दिसला तर दिसला."

तो जाऊ लागला. कामावर जाण्याआधी बांधावर बसायचा. मिठागरातल्या बायका म्हणायच्या, "गंगे, तुजा नवा मुकादम आला बग. काम करीत नाय, नुसता बगतो!" गंगू त्यांना शिव्या द्यायची आणि त्याला चहा द्यायची.

एका सकाळी बांधावरच्या बगळ्यांनी एकदम माना वळवल्या. सगळ्यांनी एकाच बाजूला. आवाज बंद. गंगूने फावडं ठेवलं, खाडीकडे पाठ केली आणि डोळ्यांवर पदर ओढला.

"गंगूबाई?"

"तू बग."

भरल्या खाडीचं पाणी मधोमध सावकाश वर आलं आणि दोन्ही अंगांनी ओघळलं. खाली पाठ होती. चिखलाच्या रंगाची, कारखान्याच्या शेडहून लांब. तिच्यावर कालवांचे शिंपले चिकटलेले होते आणि कालवांच्या फटींत खारफुटीच्या तिवरांची रोपं रुजली होती, हिरवीगार, कमरेएवढी. किती वर्षं ती पाठ अशी पाण्याखाली-वर होत असेल! बगळे शांतपणे गेले आणि त्या रोपांमध्ये उतरले. मग पाण्यातल्या त्या जिवाने श्वास सोडला. ती ऊब श्यामसुंदरच्या तोंडावर आली, पावसाळी मातीसारखी. डोळा कुठे दिसला नाही, तरी आपल्याकडे पाहिलं जातंय हे त्याला कळलं. जसं आलं तसंच ते खाली गेलं. लाट उठली नाही. रोपं बुडाली तसे बगळे पाण्यावरून चालल्यासारखे वर उचलले गेले.

श्यामसुंदरचे हात जोडलेले होते. ते केव्हा जोडले, त्याला ठाऊक नव्हतं.

"गेला?" गंगूने विचारलं.

"गेला." त्याने तिला सगळं सांगितलं. तिवरांची गोष्ट आली तशी गंगूने पदर बाजूला केला.

"झारं? पाठीवर?" आणि तिने पटकन तोंडावर हात ठेवला.

"का? तेव्हा नव्हती? जयमालाने पाहिलं ते हेच ना?"

"ही गोष्ट तुजी," गंगू म्हणाली. "मी मुद्दाम नाय बगितला. तिची तिला, तुजी तुला."

त्याने पुन्हा विचारलं. ती फावडं घेऊन मिठाकडे वळली.

आपली गोष्ट त्याने पुढे मारोतीला सांगितली, मीनाला सांगितली, तुळशीरामला दोनदा सांगितली. जयमालाने त्या दिवशी काय पाहिलं, ते त्याला अजून कळलेलं नाही.