मफिनच्या पत्र्यातलं शिसं

गोळी फुलली पाहिजे, या विषयावर ऑर्विल श्रेफलर कुठेही बोलायला तयार असे. बर्थाच्या खानावळीत समोरची स्क्रॅपलची, म्हणजे डुकराच्या मांसाची, तळलेली वडी निवत असताना, चर्चच्या पायऱ्यांवर, आणि एकदा तर सासऱ्यांच्या दफनाच्या वेळी, पाद्रीबुवांना यायला उशीर झाला म्हणून. ठासणीच्या बंदुकीची गोळी जड असते आणि त्या मानानं हळू जाते. तेव्हा अंगात शिरल्यावर तिनं अळंबीसारखं उमलायलाच हवं. जाताना बोटाएवढं भोक, बाहेर पडताना मुठीएवढं. उमलायचं तर शिसं मऊ हवं, नखानं ओरखडा उठेल इतकं मऊ. अशा गोळ्या तो घरामागच्या शेडमध्ये स्वतः ओतायचा आणि अर्ध्या खोऱ्याला फुकट वाटायचा. बदल्यात फक्त ऐकून घ्यावं लागे. काही जण त्यापेक्षा दुकानातून विकत घेत.

ऑक्टोबरच्या हंगामात त्याच्या बायकोच्या भावानं, डेलमर क्लिंगनं, त्या गोळीनं अस्वल मारलं. म्हणजे मारलं असं डेलमरचं म्हणणं होतं. अस्वलाचं म्हणणं वेगळं असावं, कारण ते चालत निघून गेलं होतं.

फोन आल्याबरोबर ऑर्विल आपली बंदूक घेऊन डोंगरावर पोचला. डेलमर लॉरेलच्या झुडपांच्या दाट जाळीच्या तोंडाशी उभा होता. अंगात नारिंगी बंडी, चेहऱ्यावर फसवलं गेल्याचा भाव. तो एरवी आयुर्विमा विकायचा, त्यामुळे हा भाव त्यानं समोरच्यांच्या चेहऱ्यावर पुष्कळदा पाहिलेला होता.

"खांद्याच्या मागे बसली," डेलमर म्हणाला. "जिथे बसायला हवी तिथेच. दगड मारला असता तरी लागला असता, इतकं जवळ होतं. तर ते वळलं, माझ्याकडे बघितलं आणि गेलं. पळत नाही रे, चालत! जेवण आवडलं नाही म्हणून पाहुणा उठून जावा तसं."

"रक्त?"

"थेंब नाही. प्रोफेसर, कुठाय तुझी अळंबी?"

"अस्वलाचं असंच असतं. चरबी भोक बुजवते, उरलेलं रक्त केस पिऊन टाकतात. म्हणून तर बाहेर पडताना भोक मोठं पडावं लागतं."

"मग पडलं का नाही?"

या प्रश्नाचं उत्तर ऑर्विलला त्याच मिनिटाला मिळायचं होतं. अस्वल उभं होतं तिथे थोडे काळे केस पडले होते, आणि मागे बीचच्या एका झाडाच्या खोडाला भोक होतं. डेलमर जाळीत वाकून बघत होता तेवढ्यात ऑर्विलनं सुरीनं ते भोक उकरलं. गोळी बाहेर आली. साच्यातून जशी निघाली होती तशीच. नाक शाबूत, कडेला नळीचे पीळ उमटलेले, बस्स. एक सबंध अस्वल ओलांडून झाडाच्या खोडात रुतूनही तिच्यात काही फरक पडला नव्हता. पुसून पुन्हा वापरता आली असती. त्यानं तिच्यावर नख रुतवलं. नखच वाकलं.

शेडमध्ये त्याची एक पद्धत होती. जुन्या छपरांचं मऊ शिसं वितळवून बायकोच्या, म्हणजे अर्लीनच्या, मफिन भाजायच्या पत्र्यात ओतायचं. मोटारींच्या चाकांना तोलासाठी लावतात ती कडक वजनं वितळवून तिच्याच दुसऱ्या पत्र्यात ओतायची, ज्यात मक्याच्या कणसाच्या आकाराचे पाव होतात. गोल ढेप मऊ, कणीस कडक. चिठ्ठ्या लावायचं काम नाही. चिठ्ठ्या विसराळू माणसं लावतात. उन्हाळ्यात अर्लीनला आपला कणसांचा पत्रा शेडमध्ये सापडला आणि तिनं तो त्याच्यादेखत दगडाच्या खाणीत भिरकावला. मग तेवढी एक खेप त्यानं कडक शिसंही मफिनच्या पत्र्यात ओतलं. लक्षात राहील, असं तेव्हा त्याला वाटलं होतं.

"काय मिळालं?" डेलमरनं विचारलं.

आता सांगितलं असतं तर डेलमर मुकाट्यानं गाडीकडे वळला असता. मऊ गोळ्या आणि आणखी दोन माणसं घेऊन दुपारी परत येता आलं असतं. आणि संध्याकाळी बर्थाच्या खानावळीत सगळे कॉफी थांबवून त्याच्याकडे बघत बसले असते.

"काही नाही," म्हणत ऑर्विलनं गोळी खिशात टाकली. "तू पोटात मारलंस. ऐन वेळी हिसका देऊन घोडा ओढलास."

"पोटात? मी?" डेलमर लाल झाला. "थांब, उचलून आणून दाखवतो."

"आत नको जाऊ."

"का?"

"वारा फिरलाय."

"वारा!" डेलमर हसला. "गोळ्या तुझ्या, नेम माझा चुकलेला, आणि आता घाबरायचंही मीच?" त्यानं बंदूक पुढे धरली आणि वाकून जाळीत शिरला. थोडा वेळ पानांतून बंडी दिसत होती. मग दिसेना.

ऑर्विल बाहेर उभा राहिला. त्याच्याही बंदुकीत त्याच खेपेची गोळी होती. मघापासून खारी आणि पाखरं कलकलत होती, ती एकेक करून गप्प झाली. जाळीत शिरलेल्या माणसाचा फांद्या मोडल्याचा आवाज यायला हवा होता. तोही थांबला होता.

"ऑर्विल!" आतून दबका आवाज आला. "सापडलं. पडलंय इथं. माझ्याकडे पाठ आहे."

"कान कसे आहेत?"

"मागे. चिकटलेले."

मेलेल्या जनावराचे कान सैल पडतात. ऑर्विल जाळीच्या तोंडाशी वाकला. "डेलमर, बाहेर ये. उलट्या पावली ये."

"आणखी एक ठेवून देतो, मग येतो."

"नको! ती गोळी..."

बार झाला. जाळीवर पांढरा धूर तरंगत वर आला. धुराखाली काहीतरी मोठं उठून उभं राहिल्यासारखा आवाज झाला, आणि लगेच डेलमर गोळी ठासायचा गज नळीत ठोकत असल्याचा. ठक. ठक. मऊ शिसं एका दाबात खाली उतरतं. कडक शिसं नळीच्या पिळात अडून बसतं, हाणावं लागतं.

ऑर्विल जाळीत घुसला. लॉरेलच्या फांद्यांनी त्याला छातीशी धरून ठेवलं. "शिसं कडक आहे!" तो ओरडला. अख्ख्या खोऱ्याला ऐकू जाईल असा ओरडला. "माझी चूक आहे! तुझा नेम बरोबर होता! टाक ती बंदूक, पळ!"

"काय?" डेलमर वैतागून म्हणाला. कामात असताना कुणी मध्येच बोललं की म्हणावं तसं. मग ठक. ठक.

पुढचा ठक आला नाही.

ऑर्विलनं बंदूक वर केली. समोरची पानं हलू लागली. जे येत होतं ते डेलमरपेक्षा बुटकं होतं, रुंद होतं, आणि त्याला अजिबात घाई नव्हती.