सुरक्षा दिनाची बातमी

“जय भीम, दादा. ह्ये तुमीच लिवलंत ना?”

चंद्रभागेने घडी घातलेले कात्रण पुढे केले, तेव्हा गोमाजी तांबे महाडच्या एस. टी. स्टँडासमोरील आपल्या टपरीत न खपलेले अंक सुतळीने बांधत होते. हातात घेण्यापूर्वीच त्यांनी ते कात्रण ओळखले. आठ दिवसांपूर्वी, ५ मार्च १९८८ रोजी, ‘दैनिक सागरध्वनी’च्या औद्योगिक पुरवणीत, एका रसायन कारखान्याच्या अर्ध्या पानाच्या जाहिरातीखाली ही बातमी छापून आली होती. कारखान्यात काल सायंकाळी सुरक्षा दिन उत्साहात साजरा झाला. सर्व पाळ्यांचे कामगार उपस्थित होते. वर्षभरात एकही अपघात न घडल्याबद्दल व्यवस्थापकांचा सत्कार करण्यात आला. शेवटी ‘आमच्या वार्ताहराकडून’. हे वार्ताहर म्हणजे तांबेच; पेपरची एजन्सी आणि वार्ताहरकी, दोन्ही बावीस वर्षे त्यांच्याकडे होत्या.

“मीच लिहिलं,” ते म्हणाले.

चंद्रभागेच्या मागे तिचा दीर महादू उभा होता. दोघे नाते गावच्या बौद्धवाडीतून पहिल्या गाडीने आले होते. महादू पुढे झाला.

“तांबे सायब, आमचा जानू त्याच दिशी दुपारी मेला. कंपनीत. माज्या म्होरं. टाकी साफ कराया उतरवला त्याला, तोंडाला नुसतं फडकं बांदून. अन् तुमी लिवताय एकबी अपघात नाय?”

“पण समारंभ…”

“कसला समारंभ? चारला मांडव सोडला. पेढं तेवढं दुसऱ्या दिशी वाटलं.”

“महादू, दमानं बोल,” चंद्रभागा म्हणाली. मग तांब्यांकडे वळून, “कंपनीच्या सायबाकडं गेलो आमी. त्यानं ह्यो कागद हातात दिला. बोलला, अपघात झाला असता तर पेपरवाल्यानं लिवला नसता व्हय? तुजा नवरा काम सोडून पळाला, रस्त्यात चक्कर येऊन पडला. दादा, माजा मानूस पळनारा नव्हता हो.”

तांब्यांनी कात्रणाची घडी उलगडली. समारंभाला ते गेलेच नव्हते.

तालुक्याच्या वार्ताहरांत एक रीत होती. बातमीचा लिफाफा दुपारी दोनच्या मुंबई गाडीच्या कंडक्टरकडे दिला, तरच ती बातमी दुसऱ्या दिवशीच्या अंकात येई. त्यामुळे सायंकाळच्या समारंभाची बातमी सकाळीच लिहिली जाई. पाहुणे घरून निघण्यापूर्वीच त्यांचे भाषण टाळ्यांच्या गजरात संपलेले असे. तांब्यांनी ही रीत कित्येक वर्षे मानली नाही. जे डोळ्यांनी पाहिले नाही ते हाताने लिहायचे नाही, या एका मुद्द्यावर त्यांनी तीन उपसंपादकांशी पत्रांतून वाद घातला होता, आणि मंत्र्यांचे भाषण एक दिवस शिळे करून पाठवण्याचा हट्टही निभावला होता. आंबेनळी घाटात ट्रक कोसळला तेव्हा ते पोलादपूरहून चालत वर गेले होते आणि दरीत उतरून प्रत्येक जखमीचे नाव त्यांनी स्वतः विचारून घेतले होते. त्या बातमीतले एकही नाव चुकले नाही, याचे त्यांना पुढे दहा वर्षे समाधान होते.

मग वृत्तपत्राचे मालक बदलले. नवे छपाईयंत्र आले, रंगीत पुरवण्या आल्या आणि वार्ताहरांना पत्रे संपादकांऐवजी जाहिरात विभागाकडून येऊ लागली. वाडीतल्या विहिरीची बातमी चार ओळींवर येई. जाहिरातदाराच्या मुलाच्या वाढदिवसाची मात्र अक्षर न् अक्षर छापली जाई. तांबे आधी भांडले, मग कुरकुरले, मग गप्प झाले. याला आळस म्हणणे सोपे आहे; परंतु आळशी माणसाला आपल्या कामाचा अभिमान कधी वाटलेलाच नसतो. तांब्यांना तो वाटला होता, आणि तो गेल्यावर राहिलेली जागा कशाने भरायची हे त्यांना कळले नव्हते. स्वतःची बातमी छापून आल्यावर ती वाचणे त्यांनी कधी सोडले, हे त्यांना स्वतःलाही सांगता आले नसते.

४ मार्चला त्यांनी कारखान्याच्या निमंत्रणपत्रिकेवरून बातमी लिहिली, लिफाफा गाडीत दिला आणि घरी येऊन जेवून झोपले. जानू टाकीत कोसळला तेव्हा ते झोपेत होते. तिसऱ्या दिवशी, नाते गावचा कोणी कामगार गेला म्हणे, असे टपरीवर कोणी बोलले होते. तांब्यांनी तेव्हाही काही विचारले नव्हते.

चंद्रभागा येऊन गेली त्याच दुपारी तांब्यांनी पोस्टातून मुंबईला ट्रंक कॉल लावला. संपादकांकडून फोन जाहिरात विभागाच्या साहेबांकडे गेला.

“दुरुस्ती? अहो तांबे, आपल्याच पुरवणीवर आपणच शाई ओतायची? माणूस रस्त्यात पडला असं डॉक्टरांचा कागद सांगतो, आणि तुम्ही म्हणता कारखान्यात. तुम्ही पाहिलंत?”

“नाही. मी काहीच पाहिलं नाही, समारंभसुद्धा. बातमी मी सकाळीच लिहिली होती.”

“सगळेच लिहितात हो! म्हणून कोणी गावभर सांगत नाही. आता वय झालं तुमचं, एजन्सी सांभाळा. ती आमच्या मर्जीवर आहे, एवढं लक्षात असू द्या.”

घरी येऊन ते फडताळ उचकू लागले. पत्नी नीलाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

“काय शोधताय?”

“टिपणवही.”

“तुमची? तिच्यात मी दुधाचा हिशेब लिहिते. नवी आणा.”

त्यांनी नवी आणली.

पुढचे पंधरा दिवस त्यांचे पाय पुन्हा जुन्या सवयीने चालले. पाळी सुटण्याच्या वेळी ते औद्योगिक वसाहतीच्या बसथांब्यावर उभे राहत. बहुतेक कामगार मान खाली घालून पुढे जात; दोघे मात्र थांबले. जानूला कारखान्याच्या जीपने महाडच्या रुग्णालयाऐवजी पोलादपूरच्या एका खासगी दवाखान्यात नेले होते, हे त्यांच्याकडून कळले. तांबे पोलादपूरला गेले. डॉक्टर भेटले नाहीत. मागच्या ओट्यावर दवाखान्याच्या आया ठकूबाई चादरी पिळत होत्या.

“पेपरवाले काय?” त्यांनी वर न बघताच विचारले. “आता आलात व्हय? महिना होत आला.”

“उशीर झाला, मावशी.”

“झालाच. त्याची कापडं मी काडली. रस्त्यात पडल्याला मानूस धुळीनं माखतो. ह्याच्या अंगाला धूळ नव्हती, निसता वास व्हता. माजं डोळं रातभर चुरचुरत व्हतं. आनला तवा साडेतीन झालं व्हतं, अन् त्याच्यात काय नव्हतं.”

“हे लिहून घेऊ? तुमचं नाव घालावं लागेल.”

ठकूबाईंनी चादर झटकली. “घाला. ठकूबाई लिवा. काडून टाकतील? टाकू देत. चादरी कोन पिळनार मंग, डॉक्टरीन?”

एप्रिलमध्ये चंद्रभागेच्या तक्रारीवरून अलिबागहून कामगार अधिकारी आले आणि महाडच्या विश्रामगृहात सुनावणी झाली. तांब्यांनी दोन पानांचे निवेदन पुढे ठेवले. अधिकाऱ्यांनी ते सावकाश, मनातल्या मनात वाचले. कारखान्याच्या बाजूने आलेले वकील उठले.

“तांबे, ५ मार्चची बातमी तुम्ही लिहिलीत?”

“हो.”

“ती खोटी होती, असं तुम्ही आज लेखी कबूल करता?”

“करतो. समारंभ झालाच नाही. मी तिथं गेलो नव्हतो.”

“म्हणजे तुम्ही खोटं लिहिता, हे तुम्हीच सांगता. मग हे दुसरं खरं कशावरून मानायचं?”

महादूने चंद्रभागेकडे पाहिले. प्रश्न रास्त होता. तांब्यांनी तो स्वतःला याआधी अनेकदा विचारला होता.

“माझ्या शब्दावरून मानू नका,” ते म्हणाले. “त्या बातमीत कोणी काय पाहिलं, याचा एक शब्द नाही. यात प्रत्येक ओळीपुढे पाहणाऱ्याचं नाव आणि गाव आहे. त्यांना बोलवा आणि विचारा.”

अधिकाऱ्यांनी निवेदन दप्तरी घेतले, साक्षीदारांची नावे उतरवून घेतली आणि पुढची तारीख दिली. निकाल काय लागेल हे कोणालाच सांगता येत नव्हते. तांब्यांपुरता निकाल आदल्या दिवशीच्या टपालाने आला होता: वार्ताहरकी आणि एजन्सी, दोन्ही एक मेपासून दुसऱ्याकडे. ते पत्र त्यांनी नीलाबाईंना दाखवले होते. आणखी कोणाला दाखवण्याचे कारण नव्हते.

बाहेर उन्हाने अंगणाची माती पांढरी पडली होती. व्हरांड्याच्या पायरीवर चंद्रभागा बसली होती.

“दादा, सायबानं मनातल्या मनात वाचलं. आमाला काय कळलं नाय. तुमी काय लिवलंय त्ये वाचून दावा ना.”

तांबे तिच्या शेजारी पायरीवर बसले. निवेदनाची नक्कल त्यांच्या पिशवीत होती. चष्मा पुसून त्यांनी वाचायला सुरुवात केली. “जानू चांगू मोरे, वय एकतीस, राहणार नाते, हे दिनांक ४ मार्च १९८८ रोजी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी कारखान्याच्या आत, टाकी साफ करण्याच्या कामावर असताना मरण पावले. पाहणारे, महादू चांगू मोरे…”

आपले नाव ऐकून महादूने तोंड फिरवले आणि तो रस्त्याकडे पाहत राहिला.

“थांबा,” चंद्रभागा म्हणाली. “त्यो कामावर व्हता, तितकंच परत वाचा.”

बावीस वर्षांत तांब्यांना असे कोणी सांगितले नव्हते. त्यांनी ओळीवर बोट ठेवले आणि ती पुन्हा वाचली, एकेक शब्द सुटा करून. चंद्रभागेचे ओठ त्यांच्या मागोमाग हलत होते. ती ओळ ती पाठ करत होती.