अर्धं नाव

“हाय, मी शीला,” पडद्यावरची बाई म्हणाली. “आज तुला कसं वाटतंय?”

तिचा वर्ण माझ्या आईपेक्षा बराच उजळ होता. केस मोकळे, खांद्यावर रुळणारे. आईने जन्मभर घट्ट वेणी घातली आणि शेवटी, केमोनंतर, रुमाल बांधला. पडद्यावरचा आवाज गोड होता, पण तो कुठल्याच गावचा नव्हता.

“काय वाटतं?” गॅरेथने इंग्रजीत विचारलं. तो विद्यापीठाच्या स्टुडंट सक्सेस विभागाचा संचालक, आईचा शेवटचा साहेब. “त्यांची आठवण इथे रोज जिवंत राहील, असं काहीतरी आम्हाला करायचं होतं.”

बाबा खुर्चीच्या कडेला बसले होते. लग्नाकार्यात घालायचा राखाडी सूट आता त्यांना खांद्यांत सैल होत होता.

“व्हेरी नाइस,” ते म्हणाले. “व्हेरी नाइस, गॅरेथ.”

“तिचं नाव धम्मशीला होतं,” मी म्हणाले.

“हो, अर्थात. पण शीला सगळ्यांना सहज म्हणता येतं. पहिल्या वर्षाच्या मुलांना ती जवळची वाटेल.”

आई फेब्रुवारीत गेली. मँचेस्टरच्या या विद्यापीठात तिने वीसेक वर्षं काढली. येत्या सप्टेंबरात नवी मुलं येतील तेव्हा प्रत्येकाच्या फोनवर त्यांची विचारपूस करायला संगणकाने घडवलेली ही शीला असणार होती. त्यासाठी आईचं नाव वापरायला घरच्यांची लेखी संमती हवी होती. म्हणून मी बेसिंगस्टोकहून सकाळची पहिली गाडी धरून आले होते. सही बाबांची लागणार होती. ती मला होऊ द्यायची नव्हती.

आई नेमकं काय करते, हे नागपूरच्या नातेवाइकांना कधी नीट कळलं नाही. “प्रोफेसर आहे का?” “नाही.” “मग ऑफिसात?” “तसंही नाही.” शेवटी एका मावशीने परस्पर ठरवून टाकलं की धम्मशीला विलायतेत होस्टेलची वॉर्डन आहे. आईने ते मान्य केलं. “वॉर्डन तर वॉर्डन,” ती म्हणायची. “निदान मुलांशी काहीतरी संबंध आहे, एवढं तरी पोचलं.”

इथेही फार निराळं नव्हतं. सुरुवातीला ती परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयात काउंटरवर बसून ओळखपत्रं वाटायची. इतक्या लांबून, इतक्या उमेदीने आलेली मुलं पहिल्याच वर्षी गुपचूप का निघून जातात, हा प्रश्न तिला तिथे पडला आणि मग तो सुटला नाही. नोकरी सांभाळून, संध्याकाळी आणि रविवारी बसून तिने त्यावर पीएचडी केली. कॉलेजच्या वयात माणूस कसा घडतो, यावरचे नावाजलेले सिद्धांत बहुतेक अमेरिकेतल्या निवासी कॉलेजांतल्या गोऱ्या मुलांवर बेतलेले. “या पुस्तकांतला विद्यार्थी घरी कधी पैसे पाठवत नाही,” आई म्हणायची. “आणि त्याला त्याचं नाव कुणी दोनदा विचारत नाही.”

डॉक्टरेट मिळाली, पण जागा प्रशासनाच्या बाजूलाच राहिली. प्राध्यापक मंडळी तिला ‘सपोर्टमधल्या बाई’ म्हणायची आणि सपोर्टमधल्या बायका ‘आमची डॉक्टर’. तिचे लेख जर्नलांत छापून यायचे, त्यांचे दाखले दिले जायचे. तिच्या वार्षिक मूल्यमापनात मात्र ते ‘इतर उपक्रम’ या सदरात बसायचे, नाताळात मिन्स पाय वाटण्याच्या शेजारी. एकदा तिने मला ते हसत हसत दाखवलं होतं. ती हसली, मी नाही.

तिची कामाची रीत तिची स्वतःचीच होती. मुलांना ती कधी ऑफिसात बोलवायची नाही. वसतिगृहांच्या तळघरात सार्वजनिक लॉन्ड्री असते, तिथे जाऊन ती बसायची. स्वतःचे टॉवेल घेऊन जायची, मशिनात टाकायची आणि शेजारच्या बाकावर विणकाम काढायची. “ऑफिसात आलं की मूल म्हणतं, आय अ‍ॅम फाइन. लॉन्ड्रीत त्याला पळता येत नाही गं. त्याचे कपडे आत फिरत असतात.” ही रीत संशोधनाच्या नीतिसमितीला पटायला वर्ष लागलं. तेवढ्या काळात आमच्या घरचे टॉवेल धुऊन धुऊन विरले.

चैत्राली तिला तिथेच भेटली. पुण्याहून एमएस्सीला आलेली मुलगी. भरदुपारी, ज्या वसतिगृहात ती राहतच नव्हती, तिथे कपडे धूत होती. आईने पहिला टॉवेल वाळेपर्यंत काहीच विचारलं नाही. मग मराठीत म्हणाली, “कुठे झोपतेस?”

भाडं परवडेना म्हणून तिला खोली सोडावी लागली होती. कित्येक आठवडे ती लायब्ररीत झोपत होती, जिमच्या शॉवरमध्ये अंघोळ करत होती. आईने ऑफिसात जाऊन तिची माहिती उघडली. गॅरेथच्या विभागाने तेव्हा नुकतीच नवी पद्धत आणली होती: वर्गाच्या दारावर आणि लायब्ररीच्या फाटकावर ओळखपत्र किती वेळा टेकवलं, त्यावरून प्रत्येक मुलाच्या नावापुढे ठिपका. तांबडा म्हणजे धोका, हिरवा म्हणजे उत्तम. चैत्रालीचा ठिपका हिरवागार होता. लायब्ररीत सर्वाधिक वेळ घालवल्याबद्दल संगणकाने तिला आपणहून अभिनंदनाचा ईमेल आणि कॉफीचं कूपनही पाठवलं होतं.

मग आईने बाकीची मुलं शोधली. व्हिसावर आलेल्यांची हजेरी चुकली तर विद्यापीठाला ते सरकारला कळवावं लागतं आणि व्हिसा जाऊ शकतो. त्यामुळे ती मुलं तापाने फणफणलेली असली तरी येऊन कार्ड टेकवून जातात. कागदावर सगळ्यांत सुखी तीच. त्यावर आईने लेख लिहिला, ठिपक्यांसाठी नेमलेल्या समितीच्या बैठकीत उभं राहून सांगितलं की ही पद्धत थांबवा. पद्धत थांबली नाही. आईचं नाव त्या समितीतून वगळण्यात आलं.

आणि आता शीलाच्या रूपाने त्याच ठिपक्यांना चेहरा दिला होता. आईचा.

हे सगळं मी गॅरेथला सांगितलं, शक्य तितक्या शांतपणे. त्याने मान हलवत ऐकून घेतलं. “त्यांचे आक्षेप आमच्यासाठी फार मोलाचे होते,” तो म्हणाला. “एक प्रकारे ही त्यांचीच देणगी आहे.” मग त्याला फोन आला. दहा मिनिटं थांबाल का, असं म्हणून तो बाहेर गेला.

कॉरिडॉरमधल्या कॉफीच्या मशीनपाशी बाबांनी मला गाठलं.

“काहून अशी करून राहिली, तनू? माणूस नाव देऊन राहिला. इथे भिंतीभिंतीवर कोणाकोणाची नावं आहेत पाह्य. गिरणीवाले, दारूवाले. त्यात आपलं एक आलं तर तुझं काय जाते?”

“आईचं जातं, बाबा.”

“आई गेली.” त्यांनी कॉफीचा कप उगाच फिरवला. “नाव तेवढं राहते.”

“ते तिचं नावच नाहीये. धम्म काढून टाकलाय त्यांनी. विचारलंही नाही कुणी.”

“तू मला शिकवते नाव काय असते ते? सतरा वर्षांचा होतो मी लाँग मार्चच्या वेळी. नागपूरहून पायी निघालो, पायाला फोड आले. औरंगाबादला पोचायच्या आधीच पोलिसांनी उचललं. मागणं काय होतं? विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्या. बस. त्याच्यापायी लोकांची घरं जळली, माणसं मेली.”

“मग तुम्ही अर्धं नाव मागायला गेला होता का?”

“नामांतर मागितलं, नामविस्तार मिळाला. तोही पंधरा-सोळा वर्षांनी. घेतलाच ना आपण? पाटीसमोर उभा राहून रडलो मी, तुझ्या आईला विचार...” मशीनचा दिवा लुकलुकत होता. “मिळते ते घ्यावं लागते, बेटा.”

मी त्या पाटीसमोर कधी उभी नव्हते. माझे फोड फक्त वाचलेले होते.

“बरं,” मी म्हणाले. “पण पाटीच्या आत काय चालतं, ते तरी बघाल? अख्खं करिअर टेस्टिंगमध्ये काढलंत. दुसऱ्याचं सॉफ्टवेअर न चालवता कधी पास केलंत का?”

बाबा रागाने माझ्याकडे बघत राहिले. मग कप तसाच टाकून आत गेले. गॅरेथ परत आला होता.

“गॅरेथ, मी एकदा चालवून पाहू?”

गॅरेथला आनंदच झाला. त्याने लॅपटॉप बाबांपुढे सरकवला. नमुन्यादाखल बनवलेला विद्यार्थी होता, सॅम नावाचा. कोपऱ्यात त्याचा ठिपका, हिरवा. बाबांनी टायच्या टोकाने चष्मा पुसला आणि दोन बोटांनी टाइप केलं: मी दोन दिवस कोणाशी बोललो नाही.

“सांगितल्याबद्दल थँक यू!” शीला म्हणाली. “या आठवड्यात तुझी हजेरी शंभर टक्के आहे. असाच पुढे चालत राहा!” पडद्यावर रंगीत कागदांचे कपटे उधळले गेले.

बाबांनी ते कपटे खाली पडून संपेपर्यंत वाट पाहिली. मग लिहिलं: हल्ली मी स्वयंपाक करत नाही.

शीलाने लायब्ररीच्या कॅफेतल्या नव्या पनीर रॅपची माहिती दिली.

मला आधी वाटलं, बाबा टेस्टरसारखी खोटी माहिती भरताहेत. दर रविवारी फोनवर ते मला सांगत, सगळं ठीक आहे, आज वांग्याची भाजी केली. मग मी त्यांच्या बोटांकडे पाहिलं. खोटी माहिती भरणारा माणूस अक्षरं इतकी हळू शोधत नाही.

माझी बायको वारली, त्यांनी लिहिलं.

या वेळी शीला क्षणभर थांबली. बोलली तेव्हा आवाज तोच, गोड. “हा काळ कठीण असू शकतो. तुझ्या पर्सनल ट्यूटरशी बोल. आणि लक्षात ठेव, तू हिरव्यात आहेस!”

गॅरेथचे कान लाल झाले होते.

“ही अजून सुरुवातीची आवृत्ती आहे,” तो म्हणाला. “शोकाबद्दलचे संवाद पुढच्या टप्प्यात येणार आहेत.”

बाबांनी लॅपटॉप हळूच मिटला.

“माझ्या धंद्यात याला सेव्हरिटी वन म्हणतात, म्हणजे सगळ्यांत गंभीर दोष,” ते म्हणाले. त्यांचं इंग्रजी अशा वेळी फार सावकाश आणि फार स्वच्छ होतं. “सेव्हरिटी वन निघाला की रिलीज थांबतो. मग मॅनेजर रडो की काही करो.”

“आम्ही जरूर दुरुस्त करू, मिस्टर गजभिये. पण नावाचं तेवढं आज...”

“नाव नाही.”

“वरून मंजुरी झालीय. पोस्टर छापायला गेलीत.” गॅरेथ खरोखर गोंधळला होता, वाईट माणूस नव्हता तो. “मग आम्ही याला म्हणायचं तरी काय?”

“गॅरेथ म्हणा,” बाबा म्हणाले. “सगळ्यांना सहज म्हणता येतं.”

मला हसू फुटलं. आई गेल्यानंतरचं पहिलं, आणि तेही अशा जागी. गॅरेथने माझ्याकडे पाहिलं, मग खाली. कागद गोळा करता करता तो म्हणाला, “मला प्रामाणिकपणे सांगायला हवं. हे नाकारलंत, तर त्यांच्या नावाने इथे दुसरं काही होईल असं मी वचन देऊ शकत नाही. खोली, पुरस्कार, व्याख्यान, काहीच ठरलेलं नाही.”

मी बाबांकडे पाहिलं. पाटीसमोर रडलेला माणूस हा. त्यांची नजर भिंतीवर गेली, जिथे कुठल्याशा देणगीदाराचं नाव पितळी अक्षरांत होतं. ते त्यांनी पूर्ण वाचलं.

“चालेल,” ते म्हणाले. “आणि पडद्यावरची ती बाई आजच्या आज काढा. नाही काढली, तर माझी मुलगी लिहिते. चांगलं लिहिते ती. सगळं छापून आणेल.”

त्यांनी उठून सूटचं बटण लावलं, गॅरेथशी हस्तांदोलन केलं आणि माझ्यासाठी दार धरलं.

सेंट पीटर्स स्क्वेअरपर्यंत आम्ही चालत आलो. भुरभुर पाऊस होता, छत्री उघडावी की नाही असा. बाबा माझ्या दोन पावलं पुढे चालत होते. मला वाटलं, पस्तावताहेत. ट्रामच्या स्टॉपवर येऊन ते बाकावर बसले, पाय जवळ घेऊन, हात गुडघ्यांवर.

आमच्या बाजूची ट्राम आली. मी उठले.

“जाऊ दे ही,” बाबा म्हणाले.

मी परत बसले.

“ते भांडी धुवायचं मशीन,” ते म्हणाले, “मला लावता येत नाही, तनू. तिने दोनदा दाखवलं होतं. मी हो हो म्हटलं. एक ताट असते, एक वाटी. हातानेच धुतो.”

“बरं.”

“आणि तिच्या बाजूचा दिवा आहे ना, तो...” मग ते बोलतच राहिले. हॉस्पिटलातल्या शेवटच्या आठवड्याबद्दल, तिच्या चपलांबद्दल, शेजारच्या बाईने आणून दिलेल्या सूपबद्दल, जे त्यांनी फेकून दिलं आणि भांडं मात्र घासून परत केलं. मी मध्ये काही विचारलं नाही.

पुढची पिवळी ट्राम आली. दारं उघडली, माणसं उतरली, चढली. ड्रायव्हरने आमच्याकडे एकदा पाहिलं. बाबांचं वाक्य अजून पुरं व्हायचं होतं. दारं मिटली.