अकरावं नाव

“बाय, माझे बूट होये होते,” ग्लेनिशा फाटकाच्या आत न येताच म्हणाली.

सेवरीना पडवीत पाटावर बसून बुटांच्या शिवणींत खोबरेल भरत होती. तिचा हात थांबला. परीक्षा संपून जेमतेम चार दिवस झाले होते. बूट न्यायचे ते जूनमध्ये, कॉलेज उघडल्यावर. हे मुलींच्या फुटबॉल संघात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ग्लेनिशाला तर नक्कीच.

सेवरीना कॉलेजच्या ग्रंथालयात परिचर. वय छपन्न. तिचं काम पुस्तकं लावायची, धूळ झटकायची आणि मुलांना गप्प बसवायचं. फुटबॉल तिच्या गळ्यात पडला तो नऊ वर्षांपूर्वी. मुलींचाही संघ हवा, असं वरून पत्र आलं. क्रीडाशिक्षकांचा सगळा जीव क्रिकेटमध्ये. फुटबॉलमधलं कोणाला काय कळतं, अशी स्टाफरूममध्ये विचारणा झाली, तेव्हा कोणीतरी म्हणालं, सेवरीना आरोंद्याची, खाडीपलीकडे गोवा, तिला येत असणार. समुद्र दिसतो म्हणून कोणी कोणाला खलाशी म्हणत नाही, पण सरकारी पत्राला उत्तर द्यायचं असलं की माणसं असा विचार करतात. सेवरीनानेही नाही म्हटलं नाही. नियमांचं पुस्तक तिनेच ग्रंथालयात मागवलं आणि तिनेच ते पहिल्यांदा वाचलं.

बुटांची पद्धतही तिचीच. मैदान खाडीच्या कडेला, माती खारट. एका हंगामात बुटांच्या शिवणी उसवायच्या. म्हणून मार्चअखेर ती सगळ्या मुलींचे बूट घरी आणायची, विहिरीच्या गोड्या पाण्याने धुवायची, आत जुनी वर्तमानपत्रं कोंबायची, शिवणींना खोबरेल लावायची आणि नावाच्या चिठ्ठ्या बांधून पडवीतल्या दांडीला टांगायची. बूट बनवणाऱ्यांनी हे पाहिलं असतं तर कपाळावर हात मारला असता. पण बूट दोन-दोन हंगाम टिकायचे, हेही खरं होतं. हळूहळू त्या दांडीला दुसराच अर्थ आला. जिचे बूट सेवरीनाकडे, ती पुढच्या वर्षीच्या संघात. जी जूनच्या आधी बूट मागायला येईल, ती चालली. कोणाचं लग्न ठरलेलं असायचं, कोणाला पुण्यात नोकरी लागलेली असायची. तसं तोंडाने कोणी बोलत नसे. बूट मागितले की झालं.

“आत तरी ये,” सेवरीना म्हणाली. “चाय घे.”

“नको बाय. पप्पा गाडीर थांबलेत.”

“खंय चललंस?”

ग्लेनिशाने फाटकाची कडी दोनदा वरखाली केली. “गोव्याक. ॲरोन सरांच्या कॉलेजात. फी माफ, होस्टेल फुकट. दिव्या पण येता माझ्या वांगडा. ती उद्या येतली बुटांक.”

सेवरीनाने दांडीवरून बूट काढले, चिठ्ठी सोडली आणि बूट पिशवीत घालून तिच्या हातात दिले. ग्लेनिशाला आता जरा मोकळं वाटलं असावं. ती म्हणाली, “बाय, त्या सरांका सगळां ठावक आसा. माझो डावो पाय बरो, पप्पा बोटीर नोकरीक आसत, मम्मीक विचारल्याबिगर घरात काय ठरणा नाय, सगळां. तेंका कोणी सांगल्यान काय म्हायत!”

“आसात कोणतरी,” सेवरीना म्हणाली.

ती गेल्यावर सेवरीना पुन्हा पाटावर बसली. हातातला बूट कोणाचा हेही तिला काही वेळ कळेना.

सांगणारी तीच होती.

डिसेंबरात हंगाम संपला तेव्हा संघाचे निकाल असे होते: शून्य-सात, शून्य-पाच, शून्य-दोन आणि शेवटी एक-एक. बाकीचं कॉलेज यावर हसलं. सेवरीनाला मात्र त्यात चढती कमान दिसत होती, कारण चौदापैकी बारा मुली पहिल्या वर्षाच्या होत्या. हाच संघ पुढच्या वर्षी दुसऱ्या वर्षाला असेल, त्याच्या पुढच्या वर्षी तिसऱ्या. आई जाऊन चार वर्षं झाली होती आणि घरात बोलायला कोणी नव्हतं, तेव्हा ती हे सगळं पेजेच्या भांड्याला सांगायची. कोणाला पुढे घ्यायचं, कोणाला मागे, कोणाला पावसाळ्याआधी धावायला लावायचं. भांडं उतू जाईपर्यंत तिचा संघ जिल्ह्यात पहिला आलेला असायचा.

शेवटचा एक-एकचा सामना ॲरोन नावाच्या गोव्यातल्या एका प्रशिक्षकाने पाहिला होता. फेब्रुवारीत, एका रविवारी दुपारी त्याचा फोन आला. “बाय, तुमची टीम बरी खेळली. पुढच्या वर्सा कशी आसतली?”

नऊ वर्षांत हा प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता. प्राचार्यांनी नाही, क्रीडाशिक्षकांनी नाही, चर्चच्या दारात भेटणाऱ्या माणसांनी तर नाहीच. पडवीच्या पायरीवर रेंज येते, तिथे ती बसली आणि बोलत सुटली. ग्लेनिशाचा डावा पाय. दिव्या अंगावर आलेल्या मुलीला कशी घाबरत नाही. आणि कैनात, गोलकीपर. ही पोर चेंडूची वाट बघत उभी राहत नाही, पुढे जाते, हात लांब आहेत, आणि गोल खाल्ला तरी मान खाली घालत नाही. कोण कुठे राहते, कोणाच्या घरी कोणाचं चालतं, कोणाला शिकायची हौस आहे, हेही सांगितलं. पलीकडून ॲरोन “हूं, हूं” करत होता. मधूनच कागद उलटल्याचा आवाज यायचा. हा माणूस लिहून घेतोय, याचं तिला फार बरं वाटलं. एक तास दहा मिनिटं. फोन ठेवल्यावर तिचा घसा दुखत होता आणि ती आनंदात होती.

ॲरोनने काही लबाडी केली असं तिला म्हणता येईना. त्याने विचारलं, तिने सांगितलं. आपल्याला बोलायला माणूस हवं होतं, म्हणून आपण आपला संघ देऊन बसलो, एवढंच तिला समजत होतं आणि ते कोणाला सांगण्यासारखं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दिव्या येऊन बूट घेऊन गेली. आणखी चार दिवसांनी रियाची आई आली. रियाचं लग्न ठरलं होतं. आईने दोन डझन काजूगर आणि पत्रिका ठेवली आणि बूट नेले. दांडीवर अकरा जोड उरले.

अकरा म्हणजे काठावर. प्राचार्यांनी एप्रिलअखेर नावांची यादी मागितली होती. मैदानाचं वर्षाचं वेळापत्रक मे महिन्यात ठरे, आणि पाच ते सात ही वेळ क्रिकेटवाल्यांना कधीची हवी होती. “अकरा नावं द्या, वेळ तुमची,” प्राचार्य म्हणाले होते. “जूनमध्ये नव्या मुली येतील या भरवशावर मी मैदान अडवून ठेवू शकत नाही.” सेवरीनाने घरोघर फोन करून दहा मुलींचा होकार घेतला. नावं यादीत लिहिली. अकराव्या ओळीवर कैनातचं नाव यायचं होतं. ॲरोनने तिलाही बोलावलंय, हे सेवरीनाला कळलं होतं. कैनातला फोन करायला मात्र तिचा हात धजेना. दिवसातून तीन वेळा फोन उचलायची आणि ठेवायची.

एकोणतीस तारखेला, उन्हं कलायच्या आधी, कैनात आपणहून आली. फाटक उघडून थेट पडवीत आली, ओढणीने घाम पुसला, आणि मडक्यातलं पाणी स्वतःच ओतून घेऊन प्यायली. हातात पिशवी नव्हती. सेवरीनाने आधी तेच पाहिलं.

“यादी दिलास?” कैनातने विचारलं.

“उद्या देतलंय.”

“माझां नाव घाला. मी खंयच जाणा नाय.”

सेवरीना उठून आत गेली. यादी आणि पेन घेऊन आली. अकराव्या ओळीवर तिने शाईने नाव लिहिलं, कैनात, पुढे बापाचं नाव, पुढे आडनाव, सगळं पूर्ण. अक्षर छान आलं. तिला इतका आनंद झाला की काय द्यावं पोरीला म्हणून ती घरात डबे शोधू लागली. काजूगर होते, ते ताटलीत घालून आणले.

“अब्बांनी नको म्हटल्यानी?” तिने विचारलं.

“नाय. अब्बा तयार आसत. होस्टेल बघून पण इले. बरां आसा म्हणतत.”

“मगे?”

कैनात काजूगर सोलत राहिली. “ग्लेनिशा गेली, दिव्या गेली. मी पण गेलंय तर टीम बंद पडतली. तुमी एकट्याच ऱ्हवतलास. सांजचे खंय जातलास तुमी?”

ती हे अगदी साधेपणाने बोलली. आजीला औषध आणून द्यावं, तसं. सेवरीनाला मात्र ते लागलं. अठरा वर्षांची मुलगी गोव्याचं कॉलेज सोडून देणार, कारण आपल्याला संध्याकाळी जायला जागा नाही. मुलींना हे दिसतं, त्या आपसात बोलतात, हे तिला आजवर कळलं नव्हतं. तिला लाज वाटली. त्या पोरीबद्दल तिला इतकी माया वाटली की क्षणभर तिने ठरवलंच, काही बोलायचं नाही. नाव लिहिलेलं आहे. राहू दे.

ताटलीतले काजूगर संपत आले.

“कैनात, त्या ॲरोनाक तुमची माहिती कोणी दिल्यान, ठावक आसा?”

“कोणी?”

“मी.”

कैनातने वर पाहिलं. “तुमी? कित्याक?”

“तेना विचारल्यान म्हणान. माका कोण काय विचारणा नाय गो. तेना विचारल्यान, आणि मी एक तास दहा मिनटां बोललंय. सगळ्यात जास्ती तुझ्याबद्दल.”

“काय सांगलास?”

“हयसर तुका शिकवूक माका येणा नाय, ह्या सोडून सगळां सांगलंय. ता आता तुका सांगतंय. पुस्तकात होतां तितकां मी तुका शिकवलंय. पुढचां माका म्हायत नाय. तेका म्हायत आसा.”

कैनातचे डोळे भरले, पण ती रडली नाही. गोल खाल्ल्यावर ती जशी दोन पावलं मागे जाते तशी जरा मागे सरकून बसली.

“आणि टीम?” तिने विचारलं.

“टीमचां मी बघतंय. तू माझ्यासाठी ऱ्हवलंस, तर तुका बघून माका रोज वायट वाटात. माझ्या जिवाक तो घोर नको.”

सेवरीनाने दांडीवरून बूट काढले. शिवणी पुन्हा एकदा अंगठ्याने दाबून पाहिल्या. पिशवी नव्हती म्हणून नाड्या एकमेकींत बांधून तिच्या खांद्यावर टाकल्या. कैनात वाकून पाया पडायला गेली, तसं सेवरीनाने तिला दंडाला धरून उभं केलं.

“अब्बांक सांग, होस्टेलात मासे बरे गावतत काय ता पण बघा.”

“सांगतंय,” कैनात म्हणाली, आणि फाटकापर्यंत जाऊन परत वळली. “फोन करीन मी. विचारीन तुमका.”

“कर,” सेवरीना म्हणाली.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी यादी हातात घेतली आणि चष्मा वर केला.

“सेवरीनाबाई, ही अकराव्या ओळीवर खाडाखोड कसली?”

“चुकून लिहिलं गेलं, सर.”

“नाव वाचता येतंय की. कैनात. गोलकीपर ना ती?” प्राचार्य माणूस वाईट नव्हते. त्यांनी आवाज खाली आणला. “हे बघा, हे खोडलेलं नाव धरलं तर अकरा होतात. पुढचं जुलैत पाहू. तोवर कोणी विचारणार नाही.”

सेवरीना टेबलाच्या कडेला हात ठेवून उभी होती. जुलैत कोणीतरी नवी मुलगी येईलही. पण तोवर ते नाव इथे राहणार, आणि कैनातचा दाखला नेण्याचा अर्ज याच कार्यालयात येणार, तेव्हा हेच नाव आडवं येणार.

“ती मुलगी इथे नाही, सर. दहाच आहेत.”

“मग संघ होत नाही.”

“हो सर.”

“सोमवारपासून पाच ते सातचं मैदान क्रिकेटकडे जाईल.”

“हो सर.” ती वळली, मग थांबली. “त्या दहा मुलींना मीच सांगते. नोटीस लावू नका.”

प्राचार्यांनी मान हलवली. तिने दुपारभर ग्रंथालयात बसून एकेकीला फोन केला. कोणी रडली, कोणी “बरां” म्हणाली. एकीने, कबड्डीत घेतील का, असं विचारलं. घेतील म्हणून सेवरीनाने सांगितलं.

सोमवारी पाच वाजता तिने ग्रंथालयाला कुलूप लावलं. नऊ वर्षं ती इथून मैदानावर जात आली होती. सुट्टीतसुद्धा, मे महिन्यातसुद्धा, मुली नसल्या तरी. खडे आणि शिंपले वेचायचे, गोलसमोरच्या गवताला पाणी घालायचं, आणि सात वाजून गेल्यावर घरी. आज मैदानावर चार जण खेळपट्टीवर रूळ फिरवत होते. ती डावीकडे न वळता सरळ चालत राहिली. घर बारा मिनिटांवर होतं.

शेजारची यशोदा अंगणात वाळत घातलेली कोकमाची सालं सुपात भरत होती. सेवरीनाला पाहून तिने सूप खाली ठेवलं.

“सेवरीन, बरां नाय काय गो?”

“बरां आसा.”

“मगे इतक्या लवकर कशी?”

“आता ह्याच वेळार येतलंय.”

यशोदाने सूप पुन्हा उचललं. सेवरीनाने कुलूप काढलं, चप्पल दाराशी ठेवली आणि आत गेली. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आत आलं होतं. जेवणाच्या टेबलावरून ते पलीकडच्या भिंतीवर चढलं होतं. या वेळी इथे ऊन येतं हे ती नऊ वर्षांत विसरून गेली होती. तिने दिवा लावायला उचललेला हात खाली घेतला आणि त्या उन्हात खुर्ची ओढून बसली. सात वाजायला अजून पावणेदोन तास होते.