डाव्या कानातलं लेणं

खणणाऱ्याच्या पत्राला उत्खननाच्या निवृत्त नोंदकाराने एकोणतीस वर्षं उत्तर दिलं नव्हतं. पत्र दोन ओळींचं. दुसरं लेणं सापडलं का ते कळवा. गाव मला कानचोर म्हणतं, पोरीची सोयरीक मोडली.

त्याने ते उलटं ठेवलं, पुन्हा सुलटं केलं.

पत्र येण्याआधी एके दिवशी उत्खननात एका बाईचा सांगाडा उघडा पडला होता. उजव्या कानाशी हाडाचं लेणं, चोच उघडलेला पक्षी कोरलेलं. डावीकडे काहीच नाही. उत्खननप्रमुखांनी खणणाऱ्याला दंडाला धरून खड्ड्याबाहेर ओढलं.

"लेणी जोडीनं असतात. दुसरं कुठाय?"

"एकच होतं, साहेब."

"म्हणजे ही बया एका कानाची जन्मली?"

सगळे हसले. नोंदकारही हसला. मग प्रमुखांनी फावड्याचा दांडा उचलला. पहिला घाव खांद्यावर बसला, दुसरा मनगटावर. हाड मोडलेलं सगळ्यांना ऐकू आलं. तो गुडघ्यांवर आला तरी घाव थांबले नाहीत. रक्ताबरोबर दात मातीत पडला, तेव्हा प्रमुख धापा टाकत म्हणाले, लिहा, डावं लेणं चोरीस. नोंदकाराने लिहिलं.

पत्र आल्यानंतर दोन वर्षांनी शेजारच्या टेकाडात एका पुरुषाचा सांगाडा सापडला. गळ्याभोवती भोकं पाडून ओवलेले सात पक्षी, सगळे डाव्या कानातले. बाईला लग्नात मिळालेलं ते लेणं तिला मारणारा कानासकट कापून नेई आणि गळ्यात मिरवी. सातांतला एक त्या बाईच्या जोडीचा होता. प्रमुखांनी त्यावर जाडजूड ग्रंथ लिहिला, शाली मिळवल्या. खणणाऱ्याचं नाव त्यात कुठेच नव्हतं.

बायकोने चहा आणून ठेवला.

"आता कशाला? तो माणूस आहे तरी का?"

"पोरगी असेल."

"मग सापडलं म्हणून लिहून टाका. एवढं काय त्यात?"

त्याने जुनी वही तिच्याकडे सरकवली. त्याच्याच हातचं चित्र: बाईची कवटी, डाव्या कानाच्या भोकामागे कान कापताना पडलेल्या सुरीच्या तीन खाचा, प्रत्येकीला बाण. खाली मारहाणीच्याच दिवसाची तारीख. वेळ, सकाळी दहा.

तिने चष्मा लावला. बराच वेळ पाहिलं.

"मार दुपारी पडला म्हणाला होतात ना तुम्ही?"

त्याने होकारार्थी मान हलवली. तिने चहाचा कप उचलून परत नेला.

उत्तराचं पाकीट तयार होतं. ते त्याने फाडलं आणि सगळा मजकूर पोस्टकार्डावर उतरवला. सकाळी दहाची वेळसुद्धा. अक्षर मुद्दाम मोठं काढलं, खाली पूर्ण सही केली. तो चपला घालत असताना तिने दारातून पाहिलं.

"कार्ड? अहो, सबंध गाव वाचेल."

"हो," तो म्हणाला.

कोपऱ्यावरच्या टपालपेटीशी त्याचा हात थोडा अडला. मग कार्ड आत पडलं.