कोरी चौकट

पक्षाघाताच्या झटक्याने बाबांची वाचा गेली, तेव्हा मी त्यांच्यासाठी कॉम्प्युटरवर एक प्रोग्रॅम लिहिला. पडद्यावरच्या खिडकीत डावीकडे मोठाली बटणं: पाणी, दुखतंय, दिवा बंद, झोप. उजवीकडे एक पांढरी चौकट, माउसने रेघा ओढायला. बाबा जन्मभर इमारतींचे आराखडे काढणारे. बटणांकडे त्यांनी असं पाहिलं, जणू कुणी त्यांना बालवाडीत बसवलंय. चौकटीत मात्र डाव्या हाताने नेटाने रेघा ओढू लागले.

आठ दिवसांचं काम मी दोन दिवसांत उरकलं होतं. खिडकी खाली ठेवून, म्हणजे मिनिमाइज करून, पुन्हा वर आणली, की बटणं आपली आपण उभी राहतात, ती सोय तयार मिळते. रेघांचं तसं नसतं. त्या साठवून ठेवाव्या लागतात, दर वेळी नव्याने काढाव्या लागतात. मी त्या नुसत्या पडद्यावर उमटवल्या होत्या. साठवायचं करू नंतर, म्हटलं.

मंगळवारी मी ऑफिसात असताना बाबांनी तासभर खपून काहीतरी काढलं आणि माझ्या खुर्चीकडे बोट दाखवलं. लेकीसाठी आहे, हे आईला कळलं. दुसऱ्याचं पत्र वाचायचं नाही ही तिची शिस्त, मग ते नवऱ्याचं का असेना. तिने नजर वळवली आणि मी शिकवलं होतं तसं, कोपऱ्यातली आडवी रेघ दाबून खिडकी खाली ठेवली. चुकून धक्का लागून पुसलं जायला नको म्हणून.

संध्याकाळी मी खिडकी वर आणली. चारही बटणं जागच्या जागी, चौकट कोरी. चूक कुणाची ते मला तिथेच कळलं. बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते. ते इतके थकले होते, की पुन्हा काढा म्हणणं माझ्या जिवावर आलं. मी मान हलवली, "हो बाबा," म्हटलं. त्यांचा चेहरा सैल पडला. कितीतरी दिवसांनी ते शांत झोपले.

गुरुवारी ते गेले. मला रडू आलं नाही, अजून येत नाही. लोक म्हणतात, पोरगी खंबीर आहे. खंबीर कसली, नुसती बधिर झालेय. तीन आठवड्यांनी मी तो प्रोग्रॅम उघडून दुरुस्त केला. अकरा ओळींचं काम. खिडकी दहा वेळा खाली-वर केली, रेघ हलली नाही. आता कोणासाठी, ते विचारू नका.

आई मागे येऊन उभी राहिली होती.

"त्या दिवशी तू त्यांना हो म्हणालीस," ती म्हणाली. "काय मागितलं होतं गं त्यांनी?"

माहीत नाही, पुसलं गेलं म्हणावं, तर खिडकी कुणी खाली ठेवली ते तिला आपसूक आठवलं असतं.

"तुला सांभाळ म्हणाले," मी म्हटलं.

आई खुर्चीत बसली.

"एवढंच काढायला त्यांना तासभर लागला?"

लागला, मी म्हणाले.