हिरव्या गोळ्यांचं पाकीट

अक्कलकुव्याच्या अलीकडे पोलिसांनी गाडी अडवली. कामिनी वडिलांना, गिरधरभाईंना, भरूचला डोळे दाखवून शहाद्याला परत आणत होती. हवालदाराने तिची बॅग उघडली. पुण्याहून येताना त्यात राहून गेलेलं चंदेरी पाकीट त्याने फोडलं आणि आतल्या हिरव्या गोळ्यांचा वास घेतला.

“हाई काय शे? गांजा?”

आपण पुण्यात सरबताच्या कंपनीत आहोत, असं कामिनीने घरी सांगितलं होतं. गिरधरभाईंनी जन्मात दारूला हात लावला नव्हता.

“खरं सांगा, नाहीतर ठाण्यात चला.”

“हॉप्स आहेत,” ती म्हणाली. “वेलीची वाळवलेली फुलं दाबून केलेल्या गोळ्या. बिअरमध्ये घालतात. मी बिअर बनवते.”

वडिलांकडे बघायचं तिने टाळलं.

हवालदाराला पटेना. तिने शेजारच्या टपरीवरून ग्लासभर उकळतं पाणी आणलं आणि दोन गोळ्या त्यात टाकल्या. संत्र्याच्या सालीसारखा वास सुटला. हवालदाराने घोट घेतला आणि लगेच थुंकला. मोबाइलवरचं तिचं कंपनीचं ओळखपत्र त्याने दोनदा वाचलं, मग पाकीट परत दिलं.

ग्लास गिरधरभाईंनी उचलला आणि एक घोट घेतला.

“इतकं कडू पितात लोक?”

“उकळताना अगदी शेवटी घातलं तर कडवटपणा कमी, वास जास्त,” ती हळूच म्हणाली.

गाडी सुरू झाली.

“तुझ्या आईला मी सांगणार नाही,” ते म्हणाले. “आज तूच सांग.”